टीला बोलावलं तर भूक ठेवून जा

मिरजेत नर्सिंग शिकून यॉर्कशायरला येणाऱ्या मुलींनो, व्हिसा आणि गरम कपड्यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मला एकाच शब्दाबद्दल सांगायचंय: टी.

आपल्याकडे ‘चहाला या’ म्हटलं की चहा, आणि सोबत फार तर बशीभर भडंग. इकडे उत्तर इंग्लंडात बहुतेक घरी टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, पाच-सहाच्या सुमाराला. शेजारीण म्हणाली, ‘हाफ फाइव्हला टीला ये’, तर साडेपाचला जेवायला बोलावलंय. घरून दोन चपात्या खाऊन गेलात तर समोर पाय (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), कुस्करलेला बटाटा, वाटाणे असं भरलेलं ताट येतं. ते तसंच राहिलं की तिला वाटतं, स्वयंपाक आवडला नाही. काय खात नाही ते आमंत्रण घेतानाच सांगा. वरून ओतलेली ग्रेव्ही पुष्कळदा मांसाच्या रसाची असते, तेही विचारा. कुणी राग मानत नाही.

इथली जुनी माणसं दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात. शाळेत दुपारी मुलांना वाढणाऱ्या बायकाही डिनर लेडीज. लंडनकडे दुपारी लंच आणि रात्री डिनर, आपण शिकलो तसं.

वॉर्डात मात्र हा घोळ परवडत नाही. हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देताना, कुणी सांगतं, ‘बेड चारच्या आजोबांनी टी घेतला नाही.’ एक कप चहा राहिला असं समजून पुढे जाऊ नका. आजोबा इन्सुलिनवर असतील तर त्यांचं जेवण चुकलंय, साखर एकदम उतरू शकते. तिथल्या तिथे विचारा, जेवले नाहीत की चहा प्यायले नाहीत? पेशंट स्वतः ‘आफ्टर डिनर’ म्हणाला तर किती वाजता ते आकड्यात विचारून घ्या. नवीन आहोत म्हणून लाजायचं नाही. असं विचारणाऱ्या नर्सवर सिनियर विश्वास टाकतात, हे मी बघत आलेय.

आणि आपला चहा? त्याला इकडे ब्रू म्हणतात. जी करायला उठते ती सगळ्यांना विचारते, म्हणजे चहा करायची तुमचीही पाळी येणार. मगात टी-बॅग, त्यावर उकळतं पाणी, मग थंड दूध. आलं घालून उकळलेला हवा तर तो घरीच. त्यासाठी चहा पावडर बॅगेत भरू नका, ब्रॅडफर्डच्या दुकानांत मिळते. भडंग मात्र भरपूर आणा.