क्ले शूटिंगसाठी पहिली शॉटगन निवडताना

आधी ट्रॅप की स्कीट ते ठरवा, बंदूक त्यानंतर. ट्रॅपमध्ये क्ले, म्हणजे हवेत उडवलेली तबकडी, समोरच्या खंदकातून सुटून दूर पळतो आणि बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. म्हणून लांब नळी, गाल टेकायला उंच दस्ता आणि घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी असलेली अरुंदी). ऑलिंपिक स्कीटमध्ये क्ले दोन बाजूंच्या घरांतून सुटून समोरून आडवा जातो आणि तो दिसेपर्यंत दस्ता कंबरेजवळच ठेवावा लागतो; तिथे चपळ बंदूक आणि मोकळा चोक हवा. दस्त्याची खांद्याला टेकणारी टाच गुळगुळीत हवी, चिकट रबर जॅकेटला अडकतं. ठरत नसेल तर 12 बोअर (नळीच्या जाडीचं माप), एकावर एक नळ्या, 30 इंच, बदलते चोक आणि साडेतीन किलोच्या आसपास वजन, एवढं धरून चला.

घरातली आजोबांची दोननळी मात्र यासाठी नको. ती बहुधा हलकी असते, त्यामुळे 24 ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसाचाही धक्का शे-सव्वाशे फैरींत खांदा सोलतो. शिवाय जुन्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, 65 मिमीचं असू शकतं. त्यात 70 मिमीचं काडतूस बसतं, हीच खरी गोम: उडताना त्याचं तोंड उघडून नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. सेमी-ऑटोचा, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा, धक्का सौम्य, पण रिकामी टरफलं शेजाऱ्याकडे उडतात आणि बंदूक रिकामी आहे की नाही, हे लांबून कळत नाही. नळ्या मोडून उघडलेली बंदूक सगळ्यांना दिसते.

पैसे कमी असतील तर नक्षीकामावर वाचवा, मापावर नको. छर्रे डोळा बघेल तिकडे जातात. नेम धरायची मागची माशी म्हणजे तुमचा डोळाच. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, एका बिंदूकडे बघा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी दिसायच्या ऐवजी फक्त बंदूक उघडायचा मागचा खटका दिसला तर दस्ता खाली आहे, छर्रे खाली जातील. पट्टी फारच दिसली तर उलट. ट्रॅपला थोडी पट्टी दिसलेली चालते, कारण क्ले वर चढत असतो. अंगठ्याच्या सांध्यापासून नाकापर्यंत दोन-तीन बोटं अंतर राहिलं तर दस्त्याची लांबी ठीक. आणि हो, उजव्या हाताचे असूनही डावा डोळा प्रबळ असू शकतो. ते आधी तपासा, नाहीतर महिनाभर बंदुकीलाच दोष द्याल.

जुनी घेत असाल तर पुढची मूठ काढा, बंदूक बंद करा, दस्ता धरून नळ्या आडव्या हलवून पाहा. खटखट झाली तर बिजागरी झिजली आहे. बंद केल्यावर वरचा खटका मध्यापासून किंचित उजवीकडे थांबला तर आयुष्य शिल्लक. डावीकडे गेला असेल तर भावात घासाघीस करा किंवा सोडा. नळीतून उजेडाकडे पाहा: आत दिसणाऱ्या उजेडाच्या कड्या वाकड्या असतील तर पोचा आहे.

परवान्याची प्रक्रिया लांबते, तोवर क्लबच्या बंदुकीवर दोन-चार प्रकारचे दस्ते वापरून बघा.