कूलर चालू असताना गिटारची घरघर कमी करायची असेल तर

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून गिटार वाजवणं शक्य नाही, आणि कूलरची मोटर फिरली की इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारा, तांब्याच्या एकाच गुंडाळीचा भाग) ॲम्पमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, घुंऽऽ करायला लागतो. नवे पिकअप घ्यायच्या आधी हे करून बघा.

१. कूलर आणि ॲम्प, दोन्हींपासून जमेल तितकं लांब बसा.

२. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारांवर तळहात ठेवा आणि फिरत्या खुर्चीवर हळूहळू गोल फिरा. एका कोनात घरघर एकदम बारीक होते. तिथेच थांबा, फरशीवर खडूने खूण करा. माझी खूण खिडकीकडे पाठ करून आहे.

३. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची (तीन सिंगल कॉइल पिकअपची) गिटार असेल तर पिकअप निवडायच्या ५ जागांच्या स्विचवर २ किंवा ४ लावा, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालतात. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असला तर दोन पिकअप एकमेकांची घरघर खोडतात. शिवाय तो किंचित पोकळ, टणटणीत आवाज मला हंबकरपेक्षा (घरघर खोडणाऱ्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपपेक्षा) कितीतरी जास्त आवडतो.

घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन मात्र कधीही काढू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट थेट गिटारच्या तारांमधून हातात येतो.