बासची रील: आधी दोरा भरायला शिका, मग महागडी घ्या

येवल्याचा माणूस टेक्सासात येऊन तळ्यावर बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडत बसतो म्हटल्यावर घरचे हसतात, पण खरं सांगतो, रीलची, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायच्या चाकाची, निम्मी अक्कल मला आसारीने, म्हणजे आमच्याकडच्या पतंगाच्या लाकडी फिरकीने दिली. संक्रांतीला ज्याने आसारी धरलीय त्याला माहितीये की दोरा सैल गुंडाळला तर ऐन पेचात वरचा दोरा खालच्या थरात रुतून बसतो, आणि आसारी सुसाट फिरत असताना पतंगाने ओढ सोडली की पुढच्या क्षणाला हातात नुसता गुंता. बासच्या रीलमध्येही हेच होतं, फक्त लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आणि मांज्याच्या जागी तंगूस. म्हणून जे नवीन पोरं विचारतात की दादा कोणती रील घेऊ, त्यांना मी आधी विचारतो की दोरा कोण भरून देणार आहे. कारण "रील खराब निघाली" अशा ज्या तक्रारी ऐकतो त्यातल्या बहुतेक वेळा रील ठणठणीत असते, दोरा भरताना माती खाल्लेली असते.

आता घ्यायची कोणती. लार्जमाउथ बास हा काही समुद्रातला राक्षस नाही. जगातला रेकॉर्ड २२ पाउंड ४ औंसाचा, १९३२ साली जॉर्जियात पकडलेला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. टेक्सासचा रेकॉर्ड १८.१८ पाउंडाचा, लेक फोर्कमधला, जानेवारी १९९२ चा. हे वाचून लोक ट्रक ओढायची रील घेऊन येतात, पण तुमच्या-माझ्या गळाला दोन-तीन पाउंडाचाच लागणार आहे, आणि तो लांब पळत नाही, तो जवळच्या झाडीत किंवा बुंध्याखाली घुसतो. त्यामुळे ताकदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आमिष नेमकं हव्या त्या जागी पडणं आणि दोरा ताब्यात राहणं.

पहिली रील स्पिनिंगच घ्या (दोऱ्याची चकरी म्हणजे स्पूल, तो जिच्यात स्थिर असतो ती), २५०० साइजची. बटण दाबून फेकायची बंद तोंडाची स्पिनकास्ट लहान मुलांसाठी छान आहे, पण तिच्यावर फार काळ राहू नका. पाव औंस म्हणजे साधारण ७ ग्रॅमपर्यंतची हलकी आमिषं स्पिनिंगवर मस्त जातात, ३/८ औंस म्हणजे १० ग्रॅमच्या वर गेलात की बेटकास्टरची, म्हणजे स्पूल स्वतः फिरतो त्या रीलची, मजा सुरू होते. बेटकास्टर घेताना डावी-उजवी बघून घ्या, कारण स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं येत नाही, जी घेतली ती जन्माची. आणि बॉक्सवर १०+१ बेअरिंग लिहिलंय म्हणून भुलू नका, चार चांगल्या बेअरिंगची रील दहा फालतू बेअरिंगच्या रीलपेक्षा केव्हाही बरी. दुकानात हँडल फिरवून बघा, हँडल वरखाली हलवून बघा, खडखड वाटली की परत ठेवा.

गिअर रेशोचा लोकांना फार घोळ होतो. ७.१:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात बेटकास्टरचा स्पूल ७.१ वेळा फिरतो, बस एवढंच. आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त असं वाटतं, पण आहे उलटं, गिअरवाल्या सायकलचं आठवा, चढावर आपण कोणता गिअर टाकतो? पाण्यात जोरात ओढ देणारं खोल जाणारं क्रँकबेट नावाचं आमिष ओढायचं असेल तर ५.४ च्या आसपासची रील, नाहीतर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. जिग किंवा टेक्सास रिग असली तळाशी नाचवायची आमिषं खेळवायचं काम रॉड, म्हणजे गळाची काठी, करतो, रीलने फक्त सैल दोरा पटकन गोळा करायचा, आणि मासा तुमच्याच दिशेने पळत आला तर अजूनच पटकन, म्हणून तिथे ७ ते ८. एकच घ्यायची असेल तर ६.३ ते ७ च्या मधली घ्या आणि विषय संपवा. खरं तर रेशोपेक्षा एका फेऱ्यात किती इंच दोरा आत येतो तो आकडा बघावा, कारण तो स्पूल किती मोठा आणि किती भरलेला यावर पण अवलंबून असतो.

आता मुद्द्याचं, भरणं.

स्पिनिंग रीलमध्ये स्पूल स्वतः फिरत नाही, त्याच्याभोवती रोटर फिरून दोरा गुंडाळतो, त्यामुळे दोऱ्याला पीळ पडायची सोय जन्मापासूनच आहे. रील रॉडला लावा, दोऱ्याचं टोक रॉडच्या पहिल्या कडीतून घ्या, आणि गाठ मारायच्या आधी बेल, म्हणजे स्पूलवरची ती तारेची कमान, उघडा. हे मी दोनदा लिहायला पाहिजे. बेल उघडा. बेल बंद ठेवून गाठ मारली, बेल उघडून बघितलं तर दोरा बाहेरच, मग परत सगळं सोडा, माझं हे तीन वेळा झालंय. गाठ साधी आर्बर नॉट, थुंकी लावून ओढायची, शेपूट बारीक कापायचं. नवीन दोऱ्याचं रीळ जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर करून, दोरा ओल्या फडक्यात चिमटीने धरून १५-२० फेरे घ्या आणि थांबा. आता दोरा थोडा सैल सोडून बघा, गप पडून राहिला तर उत्तम, जिलबीसारखा वळायला लागला तर जमिनीवरचं रीळ उलटं करा आणि पुढे चला. हे अर्ध्या मिनिटाचं काम न केल्यामुळे माणसं सीझनभर गुंते सोडवत बसतात.

बेटकास्टरचं वेगळं, इथे स्पूल स्वतः फिरतो, म्हणून दोऱ्याचं रीळ पण फिरलं पाहिजे. त्याच्या भोकातून पेन्सिल घाला आणि घरात कोणालातरी धरायला बसवा, आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे आणि ती त्याचं आइस्क्रीम वसूल करते. दोरा आधी लेव्हल वाइंडच्या म्हणजे ती डावी-उजवीकडे सरकणारी दोरा पसरवणारी बारकी कडी असते तिच्या आतून घ्यायचा, विसरलात तर सगळा दोरा एका जागी डोंगर करतो. रिळाच्या वरच्या बाजूने सुटलेला दोरा रीलच्या स्पूलच्या वरच्या बाजूनेच आत जायला हवा.

किती भरायचा? काठापासून १/८ इंच म्हणजे ३ मिलिमीटर कमी, दोन्ही प्रकारात. स्पिनिंगवर जास्त भरला तर एकदम पाच-सहा वेटोळी उडी मारून बाहेर येतात आणि कडीत गाठ बसते, कमी भरला तर दोरा काठाला घासत जातो आणि आमिष निम्म्यात पडतं. फ्लुरोकार्बन (फ्लुरो) नावाचा दोरा कडक असतो, तो अजून थोडा कमीच भरा.

पैसे वाचवायची एक गोष्ट. रीलवर १२/१२० असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे १२ पाउंड ओढ सोसणारा दोरा १२० यार्ड मावतो. बाससाठी आपण ४० यार्डाच्या पुढे क्वचितच फेकतो, मग सगळा स्पूल महागड्या फ्लुरोने भरायची गरज काय? खाली जुना मोनो, म्हणजे साधा एकपदरी नायलॉनचा दोरा, साधारण एक तृतीयांश भरा, वर ७०-८० यार्ड चांगला दोरा डबल युनी गाठीने जोडा. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, भरताना तर खाली मोनोचे दहा-पंधरा फेरे हवेतच, किंवा टेपचा तुकडा तरी, कारण ब्रेड इतका गुळगुळीत असतो की नुसत्या धातूवर तो अख्खा गोल फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा सोडणारी यंत्रणा, गेला. दुकानात ड्रॅग गेला म्हणून परत आणलेली रील बघितलीय मी, आत फक्त ब्रेड घसरत होता.

ब्रेड सैल भरला तर आसारीवाला प्रकार, जोरात ओढ बसली की आत रुततो आणि पुढच्या फेकीला आमिष मध्येच खटकन थांबतं. उपाय म्हणजे भरून झाल्यावर मैदानात जा, टोक झाडाला बांधा, चालत चालत सगळा दोरा सोडा आणि ताण देत परत गुंडाळत या. पार्कमध्ये कुत्री फिरवणारे गोरे थांबून बघतात, बघू दे.

दोरा कोणता यावर लोक भांडतात, मी थोडक्यात सांगतो. पाण्यावरच्या आमिषाला मोनो, तो लवकर बुडत नाही आणि ताणला जातो. फ्लुरो बुडतो आणि कमी दिसतो, कारण त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनपेक्षा पाण्याच्या जास्त जवळ. स्पिनिंगवर माझी आवडती जोडी १० किंवा १५ पाउंडाचा ब्रेड आणि पुढे आमिषाकडच्या टोकाला ८-१० पाउंडाच्या फ्लुरोचा तुकडा, म्हणजे लीडर. दाट गवतात बेटकास्टरवर ५० पाउंडाचा ब्रेड, तिथे दयामाया नाही. बेटकास्टरवर बारीक १० पाउंडाचा ब्रेड घालू नका, रुततोच.

बेटकास्टर पहिल्यांदा फेकायच्या आधी आमिष बांधून बटण दाबा, हँडलच्या बाजूची टेन्शनची चकती अशी लावा की आमिष सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकलं की स्पूल पण थांबेल. ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा, जमायला लागलं की एकेक कमी करा. खरा ब्रेक अंगठाच, आमिष पाण्याला लागायच्या आत अंगठा स्पूलवर. गुंता झालाच तर नखाने उचकटू नका, अंगठा स्पूलवर दाबून धरून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग दोरा हळू ओढा, परत तेच. ड्रॅग म्हणजे मासा ओढेल तेव्हा ढील किती द्यायची ते, दोऱ्याच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे १२ पाउंडाला तीन-साडेतीन. सामान तोलायचा काटा बांधून ओढून बघा, अंदाजावर जाऊ नका.

जपणं. माझी पहिली रील मी स्कूटर धुतात तशी पाइपच्या जोरदार पाण्याने धुतली, स्वच्छ दिसली, पुढच्या आठवड्यात आतून दळण दळल्याचा आवाज. जोराच्या पाण्याने चिखल बाहेर येत नाही, आत जातो. ड्रॅग घट्ट करून ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा म्हणजे आतल्या चकत्या दबून राहणार नाहीत. तेल आणि ग्रीस यात गल्लत नको. बेअरिंगला आणि हँडलच्या मुठींना पातळ तेलाचा एकच थेंब, दाती चाकांना ग्रीस, स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस भरलंत तर फेक मेलीच. लेव्हल वाइंडच्या नागमोडी दांड्यावर कचरा सगळ्यात आधी जमतो, तो कापसाच्या काडीने पुसून एक थेंब. घरातला डब्ल्यूडी-४० फवारू नका, तो जुनं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः टिकत नाही. हँडल उलटं फिरू नये म्हणून आत एक रोलरवालं बेअरिंग असतं, त्यात तेल जास्त झालं की मासा लागल्यावर हँडल गपकन मागे जातं, तिथे हात आखडता ठेवा.

वर्षातून एकदा पूर्ण उघडायची असेल तर प्रत्येक स्क्रूला फोटो काढा आणि भाग काढले त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. बॉक्समधला आकृतीचा कागद फेकला असेल तर आधी तो शोधा. आणि डास मारायचा डीट असलेला स्प्रे लावून त्याच हाताने रील धरू नका, डीट प्लास्टिक खातो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पण ठेवू नका, टेक्सासचं ऊन मोनोला सोडत नाही.

गावाकडच्यांसाठी एक, आपल्याकडे लार्जमाउथ नाही, पण खाडीत जिताड्याच्या मागे असाल तर हेच सगळं लागू, फक्त ३००० किंवा ४००० ची स्पिनिंग, २०-३० पाउंडाचा ब्रेड, जाड लीडर, आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर हळू धारेच्या गोड्या पाण्याने मीठ काढणं सक्तीचं.

रीलच्या पायाला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर दोरा किती पाउंडाचा आणि कधी भरला ते लिहा. माझ्या एका रीलवर अजून २०२१ लिहिलंय. येत्या शनिवारी भरतो, मुलीला आइस्क्रीम कबूल केलंय.