पावसाळ्यात बारा बोर बिघडते ती या चुकांमुळे

बंदूक गंजली की दोष पावसाला दिला जातो. नुकसान मात्र बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं, शेवटचा बार काढल्यावर नळी रॉकेलच्या चिंधीने पुसून ठेवली त्याच संध्याकाळी. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या (तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या) आणि बारा बोरच्या (मागून काडतूस भरायच्या) बंदुका अनेक घरांत आहेत. समुद्राकडचा खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल त्यांना सोसावी लागते. ती त्या सोसतातही, फक्त काही सवयी सोडाव्या लागतात.

रॉकेलने धुतलेली ठासणीची बंदूक

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ठासणीत भरतात ती काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार आणि गंधकाची संयुगं असतात. केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी, पोटॅशियम क्लोरेटची असेल तर तिच्यातून मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ते पाण्यात विरघळतात. रॉकेलमध्ये, डिझेलमध्ये किंवा तेलात नाही. रॉकेलने काजळी निघते, नळी चकचकीत दिसते, पण क्षार तसेच राहतात आणि वरच्या तेलाखाली काम सुरू ठेवतात. दोन आठवड्यांनी कोरडी चिंधी फिरवली की ती तांबूस होऊन बाहेर येते.

म्हणून ठासणीची नळी पाण्यानेच धुवायची, बार काढला त्याच दिवशी. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री. मग नळी दस्त्यापासून सोडवा आणि केप बसते ती निपल पान्याने काढा. बादलीत कोमट पाणी आणि थोडा साबण घ्या, नळीचं मागचं टोक त्यात बुडवा आणि गजाला घट्ट चिंधी लावून पंपासारखी वरखाली करा. आधी काळं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी येईल. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही, गरज पडली तर बादली बदला. शेवटी उकळतं पाणी ओता. त्याने नळी इतकी तापते की आतली ओल आपोआप उडून जाते. त्यावर कोरड्या चिंध्या, आणि नळी हाताला कोमट लागत असतानाच तेलाचा पातळ हात. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी ती निघणारच नाही.

लोखंडाला पाणी लावायला जीव धजत नाही, हे खरं आहे. पण पाच मिनिटांत वाळणारं पाणी लोखंडाला खात नाही. चार महिने चिकटून राहिलेला क्षार खातो.

कारखान्यातल्या धूररहित दारूच्या काडतुसांचं वेगळं. तिथे बंदुकीसाठी मिळणारं सॉल्व्हंट चालतं. वॉडच्या (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मध्ये असतो तो बूच) प्लास्टिकचे थर आणि शिशाची पुटं मात्र नुसत्या चिंधीने निघत नाहीत, फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश लागतो. ब्रश काडतूस भरायच्या बाजूने आत घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मगच मागे ओढा. मध्येच उलटा फिरवला तर तो अडकतो आणि तारा मोडतात.

“केप काढली, म्हणजे रिकामी झाली”

ठासून ठेवलेली बंदूक खुंटीला महिनाभर लटकते आणि केप काढली आहे म्हणून घरातले निर्धास्त असतात. आत दारू आणि छर्रे तसेच असतात. शिवाय ती दारू ओल धरून नळीचा तळ कुरतडत असते. तपासायची रीत सोपी आहे. नळी रिकामी असताना गज आत पूर्ण सोडा आणि तोंडाशी येईल तिथे गजावर खूण करा. यानंतर गज कधीही त्या खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे असं समजा. जुना बार स्वतः उकरायला जाऊ नका, ते परवानाधारक कारागिराचं काम.

खोबरेल

घरात हाताशी असतं म्हणून लावलं जातं. कोणतंही खाद्यतेल काही महिन्यांत खवट होऊन आम्लधर्मी बनतं आणि चिकट होतं. खोबरेल तर थंडीत गोठतं. घोडा जड चालायला लागतो, स्प्रिंग तुटली असा समज होतो, आणि उघडून पाहिलं तर आत पिवळा डिंक. शिलाई मशीनचं खनिज तेल यापेक्षा कितीतरी चांगलं.

तेही थेंबभरच. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की जादा तेल हळूहळू उतरून यंत्रणेतून दस्त्याच्या लाकडात मुरतं. लाकूड काळं, मऊ पडतं आणि काही वर्षांत बारच्या धक्क्याने तिथेच चिरतं. पावसाळाभर ठेवायची असेल तर पहिले काही दिवस तोंड खाली करून ठेवा, खाली चिंधी ठेवा. वापरायच्या आधी नळी आणि काडतुसाचं घर कोरडं पुसून घ्या.

चामड्याची पेटी, प्लास्टिकची पिशवी

दोन्ही नकोत. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. प्लास्टिकमध्ये आतल्या आतच दव जमतं. तेलाचा हलका हात लावलेलं सुती कापड गुंडाळा, कपाटात सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसायचं. घामट हाताचे ठसे दोन दिवसांत गंजून उमटतात, म्हणून शेवटी नळीला बोट न लावता कापडानेच धरा.

वरवरचा गंज आला तर अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपरने गंजाबरोबर काळा मुलामाही जातो. दुनळी बंदूक मुलाम्यासाठी कुणाकडेही टाकू नका. तिच्या नळ्या आणि मधली पट्टी बऱ्याचदा मऊ डाकाने (सोल्डरने) जोडलेली असते. उकळत्या कॉस्टिकच्या मुलाम्यात तो डाक सुटतो. पट्टी सुटली आहे का ते कानाने कळतं: सोडवलेल्या नळ्या हुकाला अधांतरी टांगून बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर जोड पक्का. ठप्प असा मेलेला आवाज आला तर कुठेतरी सुटलं आहे.

नळीत न डोकावता काडतूस भरणं

कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. काही दिवसांत ती नळीत मातीचं घर बांधते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. छर्रे त्या मातीवर आदळतात त्या जागी दाब एकदम वाढतो. नळी फुगते किंवा फाटते. दर वेळी बंदूक उघडून मागून उजेडाकडे पाहा. आत पूर्ण वर्तुळाची सावली दिसली तर तो फुगवटा आहे, ती नळी आता वापरायची नाही.

बार “फुस्स” झाला तर लगेच दुसरा काढू नका. वॉड नळीत अडकलेला असू शकतो. बार उडालाच नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच उघडा. ठासणीच्या बंदुकीत त्याहून जास्त थांबावं लागतं.

वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या खिशात कधीही ठेवू नका. ते काडतुसाच्या घरातून पुढे घसरून नळीत अडकतं, मागे बारा बोरचं व्यवस्थित बसतं. मग बार काढताच नळी फुटू शकते.

काडतुसाची लांबी आणि तोंड

डब्यावर ७० मिमी लिहिलेलं असतं ती लांबी उडाल्यानंतरच्या उघड्या काडतुसाची. तोंड मिटलेलं असताना ते आखूड असतं, म्हणून ६५ मिमीच्या जुन्या विलायती बंदुकीतही आरामात बसतं आणि फसगत होते. उडताना तोंड उघडायला जागा अपुरी पडते, दाब वाढतो. नळीखालच्या खुणा वाचा. बसतं म्हणून चालतं असं नाही. पिळाच्या नक्षीच्या, दमास्कस नळ्या बहुतेक काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांत आजचं काडतूस भरू नका.

काडतुसाचं तोंड दोन तऱ्हांनी बंद केलेलं असतं. एकात प्लास्टिक चांदणीसारखं घड्या घालून मिटतात. दुसऱ्यात छऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कड आत गोल वळवतात. गोल मुडपलेल्या जातीत आधी चकती पाहा. ती कडेखाली सपाट आणि घट्ट हवी. हलत असेल, फुगली असेल किंवा कडेला केसाएवढी फट असेल तर ओल आत गेली आहे. कागदी नळकांडं फुगतं आणि घरात अडतं; ठोकून बसवायचं नाही. पितळेवर हिरवट पूड धरली तरी बाजूला काढा. ओली काडतुसं उन्हात किंवा चुलीजवळ सुकवणं तर अजिबात नको. अशी काडतुसं परवानाधारक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारूनच निकालात काढा.

रिकामी नळकांडी घरी पुन्हा भरण्याचा उद्योगही टाळा. धूररहित दारू काळ्या दारूच्या मापाने भरली तर बंदूक हातात फुटते. मुडपलेली कड कमीजास्त आवळली तरी दाब बदलतो. आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

निवडणुकीत जमा करताना

आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर ती तशीच नेऊन देऊ नका. ती तिथे महिना-दोन महिने कुणी पुसणार नाही. आदल्या दिवशी साफ करून नेहमीपेक्षा थोडं जाड तेल लावा. नळीचे, दस्त्याचे आणि क्रमांकाचे फोटो काढा आणि पावतीवरचा क्रमांक जागेवरच ताडून पाहा. परत मिळाल्यावर आधी नळीतून उजेड पाहा, जुनं तेल पुसून काढा आणि दोन आठवड्यांनी कोरडी चिंधी पुन्हा एकदा फिरवा.