घासण्याआधी थांबा: जुन्या फौजी वॉटर बॉटल आणि सामान जमवताना या चुका टाळा

नागपुरात जुनं फौजी सामान शोधायला फार लांब जावं लागत नाही. कामठीची छावणी १८२१ पासूनची. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मध्ये तिथेच उभी राहिली आणि आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्रही तिथेच आहे. त्यात दुसरं महायुद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे फौजेने विकून टाकलेल्या जादा सामानात, निघालेल्या मालाची भर पडली: वॉटर बॉटल, मेसटिन (शिपायाचा जेवणाचा डबा), जेरीकॅन, पट्टे, पाठपिशव्या. हा माल गॅरेजात, शेतातल्या खोपडीत, घराच्या माळ्यावर जाऊन पडला. आता घरं पाडून फ्लॅट स्कीम होते तेव्हा तो भंगाराच्या भावात बाहेर येतो.

म्हणजे मिळणं अवघड नाही. वाट लागते ती वस्तू घरी आणल्यावर, पहिल्याच संध्याकाळी. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर आणि तारेची घासणी घेऊन माणूस बसतो आणि तासाभरात ऐंशी वर्षांचा पुरावा मोरीतून वाहून जातो. वर त्या चकचकीत बाटलीचा फोटो गटावर टाकून विचारणा होते, "ही कोणत्या सालची असेल?" आता कोण सांगणार?

घासल्याने नक्की काय जातं

ब्रिटिश आणि भारतीय फौजेचे जाड सुती पट्टे, ज्याला सगळे वेबिंग म्हणतात, त्यावर सैनिक ब्लँको नावाचा रंग चोळत. शेफील्डच्या पिकरिंग कंपनीच्या वड्या प्रसिद्ध होत्या आणि महायुद्धातला खाकी-हिरवा ३ नंबरचा रंग आजही पट्ट्यांवर सापडतो. खालचा शिक्का या रंगाच्या थराखाली दबलेला असू शकतो. पट्टा साबणाच्या पाण्यात टाकला की ब्लँको जातो, शाई फिकी होते आणि सुताला नवाच रंग चढतो. मूळ रंग बघायचा असेल तर धुवायची गरजच नाही. पितळी टोकाजवळ पट्टा जिथे दुमडून शिवलेला असतो तिथे आत डोकवा. तिथे ब्लँको पोचलेला नसतो.

धुण्याच्या पावडरीचा आणखी एक घोळ आहे. नकली माल ओळखायला हल्ली बरेच जण अतिनील दिवा वापरतात. आजचा पॉलिएस्टर धागा त्याखाली निळसर-पांढरा चमकतो, जुनं सूत मंद दिसतं. पण धुण्याच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेलं द्रव्यही तसंच चमकतं. खरा १९४३ चा पट्टा कुणी एकदा धुतला असेल तर तो दिव्याखाली नकली ठरतो. त्यामुळे सगळा पट्टा चमकतोय की फक्त शिलाईचा धागा, हे आधी बघावं. फक्त धागाच चमकत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. खात्री हवी असेल तर आधीच सुटलेला एखादा तंतू चिमट्यात धरून जाळा. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा टणक मणी होतो.

ॲल्युमिनियमच्या बाटलीला धुण्याचा सोडा लावू नका, सोडा धातूच खातो. लिंबू-चिंचही नको. मऊ ब्रश, कोरडं फडकं, फार तर साधं पाणी आणि लगेच सावलीत वाळवणं, इतकंच पुरे. पितळी बकलावर हिरवं चढलं असेल तर बांबूच्या काडीने खरवडा. ब्रासो, म्हणजे पितळ चमकवायचं पॉलिश, पट्ट्यात झिरपतो आणि वाळल्यावर पांढरा डाग कायमचा राहतो.

बाण दिसला म्हणजे महायुद्ध नव्हे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. तीन रेघांचा बाण, ब्रॉड ॲरो, दिसला की विकणारा म्हणतो, "भाऊ, आजोबा बर्माले गेले होते ना, त्याईची आहे." बाणाचा अर्थ एवढाच की वस्तू सरकारी मालकीची होती. ही खूण शेकडो वर्षं वापरात आहे. कामठी रोडवर लष्कराचा ट्रक पुढे असेल तर त्याच्या नंबर प्लेटवर तोच बाण दिसेल. मग तोही बर्माचाच म्हणायचा का?

बाणाभोवती काय आहे ते वाचायचं. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर माल भारताचा. सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा, दोन डीच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा, यूच्या आत असेल तर दक्षिण आफ्रिकेचा. दोन बाण टोकाला टोक लावून उभे असतील तर वस्तू फौजेतून विकून टाकली होती. ती खूण म्हणजे डिस्पोजलची पावतीच, आणि ती घासून काढणारे महाभागही आहेत.

भारतीय मालावर कारखान्याचं नाव असेल तर गावाचं स्पेलिंग बघा. कानपूरचं इंग्रजी स्पेलिंग १९४८ मध्ये बदललं. जुनं 'कॉनपोर' वळणाचं असेल तर वस्तू बहुधा त्याआधीची. बहुधा म्हणतो, कारण जुने ठसे संपेपर्यंत वापरायची आपल्याकडे रीतच आहे.

इथेच एक उलटी चूकही होते, आणि ती मला जास्त खटकते. युद्धकाळात भारतात विणलेलं १९३७ पॅटर्नचं, म्हणजे त्या सालच्या नमुन्याचं, वेबिंग इंग्लंडच्या मालापेक्षा भरड असतं. वीण सैल, कधी विणीतच रंगीत धाग्याची रेघ, पितळेच्या जागी लोखंडी बकल. नवखा संग्राहक ते बघून "डुप्लिकेट आहे" म्हणतो आणि इंग्लंडचं सुबक वेबिंग घेतो. ज्याची सर्वाधिक नक्कल आज होते ते हेच इंग्लंडचं सुबक वेबिंग. विदर्भातला शिपाई जे अंगावर वागवत होता ते त्या भरड पट्ट्यांतलंच असण्याची शक्यता जास्त. माझ्या मते नागपुरात बसून जमवायचं तर तेच जमवावं.

पट्टा १९०८ पॅटर्नचा की १९३७ चा, यावर वाद घालण्यापेक्षा फूटपट्टी लावा. १९०८ चा कमरपट्टा ३ इंच रुंद, १९३७ चा सव्वादोन इंच. वाद संपला.

निळी बाटली हातात घेतल्यावर

नागपुरात हाती लागते ती बहुतेक वेळा ब्रिटिश मार्क ७: मूत्रपिंडाच्या आकाराची, इनॅमल चढवलेली, अंगावर खाकी लोकरी फेल्ट, तोंडाला बूच आणि बुचाला दोरी. दोन पिंट, म्हणजे सुमारे १.१ लिटर पाणी मावतं. फेल्ट झिजलेल्या कोपऱ्यातून निळं इनॅमल डोकावतं.

आधी ती कानाशी धरून हळूच हलवा. आत खुळखुळ आली तर गंजाचे पापुद्रे सुटलेत. मग गळ्यातून टॉर्च मारा. इनॅमलचा टवका उडालेल्या जागी गंज असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गंज पसरून खालून फेल्ट तपकिरी झालं असेल तर बाटलीला भोक पडायची वेळ आली आहे. फेल्टची शिवण बघा. मूळ आवरण अंगाला घट्ट बसलेलं असतं आणि शिवणीजवळची लोकर बाकीच्या अंगाइतकीच विटलेली असते. जुन्या घोंगडीचा तुकडा नंतर चढवलेला असेल तर तो पोटाशी सैल पडतो आणि शिवणीचा धागा बाकीच्यापेक्षा ताजा दिसतो. फेल्टवर शाईने नंबर किंवा नाव लिहिलेलं असेल तर तिथे ब्रशही फिरवू नका. त्या बाटलीवर त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

बूच अडकलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालू नका, गळ्याचं इनॅमल तडकतं. बुचाभोवती थेंब थेंब कोमट पाणी सोडा, थोडा वेळ थांबा आणि फडक्याने धरून पिळत काढा. निघालं नाही तर राहू द्या. तशीही त्यातून पाणी प्यायचं नाहीच: टवके, बुरशी, जुनं डाखकाम, काय पोटात जाईल सांगता येत नाही.

हिरवी प्लास्टिकची बाटली दुसऱ्या महायुद्धातली म्हणून कुणी देत असेल तर हसून पुढे व्हा. ब्रिटिशांची प्लास्टिकची बाटली १९५८ पॅटर्नची आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या कितीतरी एनसीसीच्या असतात, आणि एनसीसीच १९४८ ची.

अमेरिकन बाटली: तीन वस्तू, तीन सालं

दुसऱ्या महायुद्धात आसामात, बर्मामार्गे चीनकडे काढलेल्या लेडो रस्त्यावर अमेरिकन फौज होती आणि तिचा मालही डिस्पोजलमधून देशभर पसरला. अमेरिकन आवरण ओळखायला सोपं: मागे तारेचा दुहेरी हूक, जो पट्ट्याच्या भोकात अडकतो. ब्रिटिश पद्धतीत बाटलीच्या झोळीला बकलं असतात.

चूक होते ती साल सांगताना. बाटलीच्या अंगावर एक साल, कपाच्या दुमडत्या दांडीवर दुसरं, कापडी आवरणावर तिसरं. कपावर १९१८, बाटलीवर १९४५, आवरणावर १९४२ असा संसार सर्रास दिसतो. मग लोक कपावरचं सगळ्यात जुनं साल धरून "पहिल्या महायुद्धातला सेट" म्हणून सांगतात. जोडणी फौजेतच झाली असेल किंवा परवा भंगाराच्या दुकानात. वहीत तिन्ही सालं वेगवेगळी लिहा आणि सेट म्हणून किंमत मोजू नका. जुळत नाही म्हणून एखादा भाग टाकूनही देऊ नका.

लोहचुंबक इथे दगा देतं. युद्धकाळात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि बाटल्या स्टेनलेस स्टीलच्याही झाल्या. अशा स्टीललाही चुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे "चिकटलं नाही, म्हणजे ॲल्युमिनियम" हा हिशेब फसतो. हातात तोलून बघा, वजनातला फरक लगेच कळतो. काळं बेकेलाइटचं (जुन्या टणक प्लास्टिकचं) झाकण अडकलं तर पाना लावू नका. आवरण काढा, बाटली उलटी करून गळ्यापुरती कोमट पाण्यात धरा आणि रबरी फडक्याने फिरवा.

नकली ठसा धातूवर असेल तर भिंगातून खाचेचा तळ बघावा. जुन्या ठशाच्या खाचेतही बाकीच्या अंगासारखाच मळ आणि काळपटपणा असतो. परवा छिन्नीने मारलेला ठसा तळाशी लखलखतो. कापडावर शाई विसकटलेल्या, झिजलेल्या तंतूंच्या टोकांवर बसलेली दिसली तर कापड झिजल्यानंतर ठसा उठवलाय हे उघड आहे.

आमच्या हवेचे प्रताप

नागपूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून गंजाची भीती नाही असं वाटतं. पण मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू असतो. त्याच्या झोतासमोर काचेचं कपाट मांडलंत की ऐन ४५ अंशांत लोखंडी बकलं गंजतात आणि चामड्यावर पांढरी बुरशी धरते. संग्रह कूलरच्या खोलीत नकोच. गच्चीवर वाळवणासारखं ऊन दाखवणंही नको, खाकी रंग भराभर उडतो.

फेल्टला कसर लागली असेल तर डांबराच्या गोळ्यांनी अळ्या मरतीलच असं नाही. बाटली कोरडी असल्याची खात्री करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव आत बसतं. घरात आधी परवानगी घ्या, हे वेगळं सांगायला नको.

चामड्याला खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळणं थांबवा. तेल शिवणीच्या धाग्यात उतरतं, धागा कुजतो, धूळ चिकटते. भेगा पडलेलं चामडं पुन्हा मऊ होत नाही; आत कागद भरून आकार धरून ठेवणं एवढंच हातात असतं.

आणि छागल, म्हणजे पाणी गार ठेवायची जाड कापडी पिशवी. विदर्भातल्या जुन्या माणसाला ती दाखवायची गरज नाही, पण फौजेतही ती होती आणि शिक्का-सालासह सापडते. तिच्यात पाणी भरल्यावर गळते म्हणून मेण किंवा वॉटरप्रूफिंग लावणारे आहेत. ती सुरुवातीला गळणारच. धागे भिजून फुगले की वीण मिटते, आणि मग जे झिरपतं त्याच्याच बाष्पीभवनाने पाणी गार होतं. मेण लावलं की छागल संपली. शिक्का असलेली छागल मात्र भिजवूच नका.

हे घरी आणू नका

गोळी जिवंत आहे की रिकामी, हे स्वतः तपासायच्या भानगडीत पडू नका. ग्रेनेड किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ वर फोन करा. माळ्यावर साठ वर्षं पडून आहे म्हणून ते निकामी होत नाही. बायोनेटचं नाव शस्त्र कायद्याच्या नियमांत धारदार शस्त्रांमध्ये आहे, तेव्हा घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. आजच्या लढाऊ गणवेशाचं कापड आणि सामान संग्रहाचा विषयच नाही. २०२२ मध्ये आलेल्या नव्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत.

परदेशातल्या संग्राहकाला पार्सल पाठवणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून ठेवावा. शंभर वर्षं पूर्ण झालेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९४४ ची बाटली अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, १९१६ ची पलीकडे गेली आहे. तुमची वस्तू पुरावस्तू ठरते की नाही याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतो, तेव्हा कुरिअरवाल्याला विचारण्याआधी त्यांना विचारा.