बायोडेटा अपलोड करण्याआधी

नोकरीच्या साइटवर बायोडेटा चढवला की फोन वाजायला लागतो, आणि त्यातले बरेचसे फोन नोकरीचे नसतात, काही तर सरळ फसवणाऱ्या ठगांचे असतात. म्हणून ही तयारी आधीच करून ठेवायची. ‘तुमची निवड झाली आहे’ असा मेल आल्यावर डोकं थंड राहत नाही, त्यात घरचे रोज ‘काय झालं मग?’ विचारत असतील तर विचारूच नका.

नोकरीपुरता एक वेगळा ईमेल उघडा, जमलं तर जुन्या फोनमध्ये एक वेगळं सिम घाला. बायोडेटात नाव, शहर, शिक्षण, अनुभव, फोन आणि ईमेल एवढं पुरे. वडिलांचं नाव, जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता आणि जातसुद्धा लिहायची आपली जुनी सवय आहे; ती सोडा. आधार-पॅन मुलाखतीआधी कोणालाच द्यायचं नाही. पुढे द्यावं लागलंच तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यावर शेवटचे 4 आकडेच दिसतात. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही आत्ताच पाहून घ्या, म्हणजे पुढे एखादं जास्तीचं दिसलं तर ओळखता येईल.

कुठूनही ऑफर आली की कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधा. तिथे नोंदणीची तारीख, पत्ता, कंपनी चालू आहे की बंद, सगळं दिसतं. पण नाव सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ठग बहुतेक वेळा खऱ्या, मोठ्या कंपनीचंच नाव लावतात. कंपनीची साइट स्वतः शोधून तिथल्या नंबरवर विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर विचारलंत तर ‘हो, खरं आहे’ असंच उत्तर मिळणार. सरकारी भरतीची जाहिरात असेल तर ती त्या आयोगाच्या किंवा मंडळाच्या अधिकृत साइटवर दिसलीच पाहिजे. तिथे नसेल तर ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणारा माणूस तुमचे पैसे घेऊन जाणार, एवढंच.

पैशांचा नियम आधीच ठरवून घरच्यांनाही सांगून ठेवा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, व्हेरिफिकेशन, कारण कुठलंही असो आणि पुढे ‘रिफंडेबल’ लिहिलेलं असो, नोकरीसाठी पैसे मागितले की बोलणं बंद. सरकारी परीक्षेचं शुल्क वेगळं, ते अधिकृत साइटवरच भरायचं. परदेशी नोकरीच्या नोंदणीकृत एजंटचं शुल्कही वेगळं, त्याबद्दल पुढे सांगतो. आणि यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

घरबसल्या डेटा एंट्रीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात पैसे आधी मागत नाहीत आणि म्हणूनच शहाणी माणसंही अडकतात. ऑनलाइन करारावर सही घेतात, आधारचा फोटो घेतात, मोजक्या दिवसांत शेकडो फॉर्म भरायला देतात. शेवटी अचूकता कमी भरली असं सांगतात. ती कमी भरणारच असते, कारण मोजणारे तेच. मग ‘वकिलाचा’ फोन: करार मोडला, दंड भरा, नाहीतर केस, घरी पोलीस. हा दंड हाच त्यांचा धंदा. कराराची भरपाई हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. एक पैसाही देऊ नका. एकदा दिलात की पुढच्या महिन्यात ‘कोर्ट फी’ मागायला पुन्हा फोन येतो.

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’चं थोडक्यात: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच जमा होतात. ते गळाला लावलेलं आमिष. पुढचं टास्क ‘प्रीपेड’ असतं, म्हणजे आधी पैसे तुम्ही भरायचे. तसंच कमिशनवर बँक खातं वापरायला मागणारा भेटला तर त्याला दारातही उभं करू नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि चौकशी तुमची होते.

परदेशातली नोकरी असेल तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. थायलंडमध्ये कंप्युटरचं काम, तिकीट आमचं, व्हिसा टुरिस्टचा, असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. या वाटेने गेलेल्या भारतीय मुलांना म्यानमार, लाओस, कंबोडियातल्या कंपाउंडमध्ये डांबून इतरांना फसवायचं काम करायला लावलं गेलं आहे.

फोनमध्ये 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, पहिल्या तासातच तिथे फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. बँकेलाही कळवा. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. नंतर ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा कोणाचा फोन आला, तर तो नंबरही तक्रारीत जोडा.