आरोग्यविषयक जाहिरात कशी तपासावी, आणि फसवणूक झाल्यास दाद कुठे मागावी

‘मधुमेह ९० दिवसांत मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद’ अशी जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी वैद्यकशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याला आजारांची एक अनुसूची, म्हणजे यादी, जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू, लठ्ठपणा, इतकेच नव्हे तर उंची वाढवणे, यांसाठी औषध असल्याची जाहिरात करण्यास त्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे विक्रेत्याने असा दावा केला, की त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा त्यानेच आपल्या हाती दिलेला असतो. ‘आयुर्वेदिक आहे, त्यामुळे अपाय नाही’ या शब्दांनी ती मनाई उठत नाही.

अशा जाहिरातींत मला सर्वांत घातक वाटते ती चालू औषधे बंद करण्याची सूचना. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले, तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. त्यामुळे इंटरनेटवर काहीही वाचले, तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चालू औषधाच्या मात्रेत बदल करू नये.

माहिती शोधताना उत्पादनाचे नाव नव्हे, तर आजाराचे नाव टाकावे; उत्पादनाच्या नावाने शोधले, तर बहुधा विक्रेत्यांचीच पाने समोर येतात. यादीत वर दिसणाऱ्या ‘प्रायोजित’ दुव्यांसाठी कोणीतरी पैसे मोजलेले असतात, म्हणून ते ओलांडून पुढे जावे. जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस आणि कर्करोगाच्या बाबतीत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या संकेतस्थळांपासून सुरुवात करणे चांगले. इतर कुठलेही पान वाचताना ते कोणी लिहिले, कोणी तपासले, शेवटचे कधी सुधारले आणि त्याच पानावर काही विकले जात आहे का, हे पाहावे. नामवंत डॉक्टरांचा चेहरा व आवाज कृत्रिमरीत्या जोडलेल्या चित्रफितीही आता फिरतात. ती शिफारस त्या डॉक्टरांच्या किंवा त्यांच्या रुग्णालयाच्या अधिकृत पानावर नसेल, तर ती खोटी मानून चालावे. सल्ला देणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आणि आयुर्वेदाचा पदवीधर असल्यास महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे पडताळता येते.

बाटली हाती आली असेल, तर मागचे लेबल उजेडात धरून नीट वाचावे. तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक असेल, तर ती वस्तू कायद्याने अन्नपदार्थ आहे, औषध नव्हे. बहुतेकदा बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापलेले असते. पुढच्या बाजूला ‘शुगर कायमची नियंत्रणात’ आणि मागे हे वाक्य, असा विरोध दिसला तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचे नाव, पत्ता, औषध परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असायलाच हवी. सांधेदुखीवरच्या ‘वनस्पतीजन्य’ चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत, म्हणून दोनच दिवसांत जादू झाल्यासारखा गुण आला तर अधिक सावध व्हावे.

तक्रार करायची ठरल्यास आधी पुरावे जपावेत, कारण जाहिराती रातोरात काढून टाकल्या जातात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पानाचा पत्ता, बिल, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण एकत्र ठेवावे. उरलेले औषध फेकू नये. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते, म्हणून पहिली तक्रार तिथे लेखी करावी. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते. औषधच बनावट वा भेसळीचे वाटत असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातील राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावे. खात्यातून पैसेच लंपास झाले असतील, तर एक क्षणही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. विक्रेता दिल्लीत वा सुरतेत असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो तिथे, म्हणजे मुंबईकराला मुंबईतच, तक्रार दाखल करता येते. ई-जागृती संकेतस्थळावरून ती घरबसल्याही करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कागदपत्रे कशी मांडावीत हे कळत नसेल, तर विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीत विचारावे. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांसाठीच काम करत आली आहे.